ई, डी, सी आणि 3 एकदम बंद? सेल नाही, आतली शीट बघा

तुम्ही लिहिलंय की वायरलेस कीबोर्डवर ई, डी, सी आणि वरच्या ओळीतला 3 एवढीच बटणं चालत नाहीत, बाकी सगळी व्यवस्थित आहेत आणि नवे सेल घालूनही फरक पडला नाही. यातच अर्धं निदान झालं. सेल उतरले किंवा रिसीव्हरपर्यंत, म्हणजे कॉम्प्युटरला लावलेल्या छोट्या यूएसबी डोंगलपर्यंत, सिग्नल नीट पोचत नसला तर त्रास सगळ्याच बटणांना होतो. मधली अक्षरं गळतात, बटण सोडल्याचा निरोप हरवला तर एकच अक्षर ओळीने उमटत राहतं, किंवा अख्खा कीबोर्ड मध्येच गप्प होतो. ठरावीक चारच बटणं गेली असतील तर सेल आणि डोंगलवर आणखी पैसे घालू नका.

कीबोर्डच्या प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. आत आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी रेषा एकमेकींना टेकतात आणि कोणत्या दोन टेकल्या यावरून चिप बटण ओळखते. म्हणून एक रेषा तुटली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात. 3, ई, डी, सी ही कीबोर्डवर एकाखाली एक येतात, त्यामुळे तुमच्याकडे एका रेषेचाच संशय घट्ट आहे. जाळीची आखणी मॉडेलनुसार बदलते, तेव्हा कुणाची लांबलांबची बटणं एकत्र गेली असली तरी कारण हेच असू शकतं.

उघडण्याआधी कॉम्प्युटरला दोषमुक्त करून घ्या. डोंगल ओटीजी अडॅप्टरने (फोनला यूएसबी वस्तू जोडायचा छोटा जोड) फोनला लावा आणि नोट्समध्ये टाइप करून बघा. ब्लूटूथचा कीबोर्ड असेल तर फोनशी पेअर करा. तिथेही तीच चार बटणं मुकी राहिली तर विंडोज, ड्रायव्हर, सेटिंग यांचा विषय संपला. फोनवर चालली, तर मात्र विंडोज की आणि स्पेस दाबून मराठी लेआउट चालू राहिलाय का ते बघा. उजवी शिफ्ट 8 सेकंद दाबली गेली की विंडोजचं फिल्टर कीज हे सेटिंग चालू होऊ शकतं, मग पटकन दाबलेली बटणं धरलीच जात नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा.

आता उघडायचं. आधी सेल काढा. कीबोर्ड पालथा घालून मागचे सगळे स्क्रू काढा. एखादा स्क्रू स्टिकरखाली किंवा रबरी पायाखाली लपलेला असतो. स्टिकरवरून बोट फिरवलं की खळगा लागतो. कडेचे लॉक जुन्या प्लास्टिक कार्डाने सोडवा, धातूचं काही घालू नका. हे सगळं बटणं खाली ठेवूनच करा, कारण बऱ्याच कीबोर्डांत रबराच्या टोप्या सुट्या असतात आणि सरळ केला की त्या विखुरतात. प्रत्येक थर काढण्याआधी फोटो घ्या.

आत पारदर्शक प्लास्टिकच्या शीट दिसतील आणि एका कोपऱ्यात छोटा सर्किट बोर्ड. शीटची शेपटी, म्हणजे तिचा बाहेर आलेला अरुंद भाग, या बोर्डवर एका पट्टीने आणि स्क्रूने दाबून बसवलेली असते. इथे सोल्डर नसतो, नुसत्या दाबावर संपर्क टिकतो. स्क्रू सैल झाला, दमट हवेने संपर्कावर थर चढला किंवा शेपटी केसभर सरकली की नेमकी एखादी रेषा सुटते. सगळ्यात आधी हीच जागा बघा.

पट्टी काढा. बोर्डवरचे चकचकीत संपर्क मऊ खोडरबराने हलकेच घासा आणि कापसाच्या काडीला 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. शीटवरच्या काळ्या पट्ट्यांना खोडरबर अजिबात लावू नका, तो कार्बनचा लेप असतो आणि निघून येतो. तिथे ओलसर काडी एकदाच, जोर न देता फिरवा. वाळल्यावर रेषेला रेष जुळवून पट्टी बसवा आणि स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडेल. केस बंद करण्याआधी सेल जोडून शीटवरच्या त्या चार वर्तुळांवर बोटाने दाबून बघा.

तरीही नाही चाललं तर रेषाच मध्ये तुटलीय. शीट उजेडासमोर धरा. चांदीच्या शाईची रेषा जिथे काळपट पडलीय किंवा पुसली गेलीय तिथे दोष. चहा सांडलेल्या कीबोर्डांत हे हमखास सापडतं. मल्टिमीटरने मोजताना नुसत्या बझरवर विसंबू नका, छापील रेषेचा रोध तारेपेक्षा जास्त असतो आणि रेषा चांगली असूनही बझर गप्प राहू शकतो. ओहमच्या रेंजवर मोजा आणि शेजारच्या चांगल्या रेषेशी तुलना करा. तुटलेल्या जागी कंडक्टिव्ह सिल्व्हर पेंट (वीज वाहून नेणारा चांदीचा रंग) लावता येतो: दोन्ही टोकांवर 2-3 मिलिमीटर चढेल इतका, दोन्ही बाजूंना सेलोटेप लावून, आणि एक दिवस वाळू द्यायचा. सोल्डरिंग गन लावलीत तर शीट वितळेल. शीट एकमेकींना चिकटवलेल्या असतील तर ओढून सोडवू नका, चांगल्या रेषाही उखडतात. कीबोर्ड स्वस्तातला असेल तर पेंट विकत आणण्यापेक्षा नवा घ्या. पण शेपटीची सफाई फुकटात होते, ती केल्याशिवाय टाकून देऊ नका.

ज्यांची लक्षणं वेगळी आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. एकच बटण जड किंवा मुकं असेल तर टोपीखाली कचरा किंवा फाटलेलं रबर बघा. स्पेस आणि एंटरखाली तारेचा आधार असतो, तो खाचेतून सुटला तरी बटण एका बाजूनेच लागतं. अख्खा कीबोर्ड अडखळत असेल तर डोंगल यूएसबी 3.0 पोर्टमधून किंवा पोर्टेबल हार्ड डिस्कच्या शेजारून काढा. त्यांचा गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. छोट्या एक्स्टेन्शन वायरने डोंगल टेबलावर आणलं तरी फरक पडतो. सेलच्या कप्प्यात पांढरी पूड असेल तर अल्कलाइन सेल गळलाय: हातमोजे घालून व्हिनेगरच्या काडीने पुसा, मग अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घाला.

शेपटी साफ करूनही तीच चार बटणं बंद राहिली तर शीटचा आणि बोर्डचा जवळून काढलेला फोटो इथे टाका, कोणती रेषा मोजायची ते त्यावरून सांगता येईल.