वेदनाशामक गोळी सोडताना अंगावर येणारा काटा

प्रश्न : मी ४७ वर्षांची माध्यमिक शिक्षिका आहे. अडीच वर्षांपूर्वी कमरेच्या मणक्याचे ऑपरेशन झाले आणि तेव्हापासून ट्रॅमाडॉल व पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी सुरू आहे. सुरुवातीला दिवसाला दोन लागत, आता सहा घेते. दुखणे पूर्वीपेक्षा कमी आहे, म्हणून मी तीनदा गोळ्या एकदम बंद करून पाहिल्या. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवसापासून जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, जुलाब, रात्रभर पायांत वळवळ आणि कारण नसताना छातीत धडधड सुरू होई. अखेर तिसऱ्या रात्री गोळी घेतली, की तासाभरात सगळे थांबत असे. ‘तुझी इच्छाशक्ती कमी पडते,’ असे मिस्टर म्हणतात. मला व्यसन लागले आहे का? हे घरच्या घरी सुटेल का?
– एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, गोळी घेतली की तासाभरात सगळे थांबते, हे तुमचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण निदान त्यातच आहे. नाकाचे पाणी, जांभया, जुलाब आणि धडधड ही सगळी लक्षणे एका वेदनाशामक गोळीने एकाच वेळी थांबतात, तेव्हा ती त्या गोळीच्याच अभावामुळे उद्भवलेली असतात. डॉक्टर याला ‘विथड्रॉवल’ म्हणतात आणि गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) विळख्यात सापडलेले तरुण याच अवस्थेला ‘टर्की’ म्हणतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध घेणाऱ्या शिक्षिकेच्या आणि त्या तरुणांच्या शरीरात या काळात घडणारी क्रिया पुष्कळशी सारखीच असते. हे वाचून तुम्ही खचून जाऊ नये, म्हणून ती क्रिया थोडी समजावून सांगतो.

ट्रॅमाडॉल हे अफूच्या कुळातील, पण प्रयोगशाळेत तयार केलेले औषध आहे. ते १९७७ मध्ये जर्मनीत बाजारात आले आणि मॉर्फिनपेक्षा सौम्य म्हणून आम्ही डॉक्टरांनी ते पुष्कळ वर्षे मोकळ्या हाताने लिहिले. भारतात एप्रिल २०१८ मध्ये ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले. मेंदूच्या बुडाशी पेशींचा एक लहानसा समूह असतो, जो नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे रसायन सोडून शरीराला जागे आणि सावध ठेवतो. अफूच्या कुळातील औषधे या समूहाला दाबून धरतात. हा दाब महिनोन्‌महिने रोज पडत राहिला, की तो समूहही तितक्याच जोराने उलट रेटा देऊ लागतो आणि दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे बाहेरून काही जाणवत नाही. गोळी एकदम बंद केल्यावर दाब नाहीसा होतो, रेटा मात्र तसाच राहतो, आणि मग घाम, धडधड, अंगावरचा काटा, विस्फारलेल्या बाहुल्या हे सगळे एकदम उसळून येते. आतड्यांवरचा लगामही त्याच वेळी सुटत असल्याने मुरडा आणि जुलाब होतात. ट्रॅमाडॉलचा आणखी एक गुण असा, की ते नैराश्यावरील काही औषधांप्रमाणे मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावरही काम करते, त्यामुळे ते अचानक थांबवल्यास काही जणांना विलक्षण भीती, हातापायांत मुंग्या, क्वचित भास असाही त्रास होतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या एका दुपारी, पंखा पूर्ण वेगात फिरत असताना, ओपीडीत एक वाहनचालक स्वेटर घालून माझ्यासमोर बसले होते. त्यांनी बाही वर केली तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत एकेक केस उभा होता आणि बोलता बोलता दर मिनिटाला त्यांना जांभई येत होती. दोन दिवसांपूर्वी घरच्यांना शब्द देऊन त्यांनी गोळ्यांची सगळी पाकिटे गटारात टाकली होती. त्या माणसात निर्धाराची कमतरता मला कुठेही दिसली नाही. हाताचे केस इच्छाशक्तीने खाली बसत नाहीत, एवढे तुमच्या मिस्टरांना माझ्या वतीने जरूर सांगा.

आता व्यसनाबद्दल. शरीराला औषधाची सवय होणे आणि व्यसन जडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट असे औषध काही आठवडे नियमित घेणाऱ्या कोणालाही होऊ शकते. दुसरीत दुखणे नसतानाही मनाच्या समाधानासाठी गोळी घेणे, दोन-तीन डॉक्टरांकडून वेगवेगळ्या चिठ्ठ्या मिळवणे, मेडिकलवाल्याकडे चिठ्ठीविना मागणे, घरच्यांपासून लपवणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे असे वागणे दिसते. तुमच्या पत्रावरून तुम्ही पहिल्या प्रकारात बसता असे वाटते. परंतु दोनाच्या सहा गोळ्या कशा झाल्या, हे तुमच्या डॉक्टरांना काहीही हातचे न राखता सांगा. दुसऱ्या प्रकारातील काही खुणा आढळल्या, तरी त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, फक्त उपचाराची वाट थोडी बदलते.

तीनदा एकदम बंद करण्याचा जो मार्ग तुम्ही धरलात, तोच मुळात चुकीचा होता. अशी औषधे अचानक थांबवू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने एप्रिल २०१९ मध्ये दिला. वर्षाहून अधिक काळ औषध घेणाऱ्यांमध्ये महिन्याला सुमारे दहा टक्के किंवा त्याहूनही सावकाश कपात अधिक सोसवते, असे तेथील २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमची गोळी नेहमीच्या प्रमाणाची, म्हणजे ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉलची असेल, तर सहा गोळ्यांचे २२५ मिलिग्रॅम होतात आणि दहा टक्के म्हणजे साधारण अर्धी गोळी. दर तीन-चार आठवड्यांनी अर्धी गोळी उतरवल्यास आठ ते अकरा महिने लागतील. हा काळ फार वाटेल. पण अडीच वर्षे चढलेला जिना एका उडीत उतरायचा नाही. शेवटच्या पायऱ्या सर्वांत अवघड असतात, कारण एका गोळीवरून अर्धीवर येणे म्हणजे निम्मी कपात असते, म्हणून तेथे अधिक थांबावे लागते. मध्येच त्रास वाढला, तर आहे त्या पायरीवर राहावे. हा हिशेब तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवण्यासाठी आहे, स्वतःच अमलात आणण्यासाठी नाही. दीर्घ परिणामाची, म्हणजे ‘एसआर’ लिहिलेली गोळी दिलेली असेल, तर ती तोडून किंवा कुटून घेऊ नये, कारण अनेक तासांचे औषध एकदम अंगात उतरते.

घाम, धडधड आणि अस्वस्थता कमी करण्यासाठी डॉक्टर क्लोनिडीन देऊ शकतात. ते रक्तदाब उतरवते, म्हणून रक्तदाब मोजूनच घ्यावे लागते. सावकाश कपातही जमत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन या अफूच्याच कुळातील औषधाची गोळी सुरू करतात. ती विथड्रॉवलची लक्षणे दिसू लागल्यावरच द्यायची असते, आधी दिली तर त्रास उलट एकदम उफाळतो. झोपेसाठी शेजारणीकडून अल्प्राझोलाम आणून घेण्याचा प्रकार मी फार पाहतो आणि त्याची मला खरोखर भीती वाटते : ट्रॅमाडॉलच्या जोडीला ते किंवा दारू घेतल्यास श्वास मंदावू शकतो, शिवाय त्याचीही अशीच सवय जडते. तुम्हाला आधीपासून नैराश्याची गोळी असेल, कधी फिट आली असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर ते पहिल्याच भेटीत सांगा, कारण त्यावर सगळी आखणी बदलते.

घरी करण्यासारखे बरेच आहे. गोळ्या मिस्टरांच्या ताब्यात द्या आणि त्यांनी रोजच्या रोज मोजून डबीत घालून द्याव्यात. हे काम पहारेकऱ्याचे नसून सोबत्याचे आहे, आणि ‘इच्छाशक्ती’ हा शब्द त्यांनी तेवढ्या महिन्यांपुरता तरी बाजूला ठेवावा. जुलाब झाल्यास ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळून थोडे थोडे पीत राहा, मीठ घातलेली तांदळाची पेज आणि मऊ भात घ्या. पायांची वळवळ साधारण रात्री अकरानंतर वाढते. अंथरुणात तळमळत पडण्यापेक्षा उठून अंगणात दहा मिनिटे चालावे, कोमट पाण्यात पाय सोडून बसावे, दुपारी चारनंतर चहा टाळावा. प्रत्येक पायरीनंतर आठवडाभर कंबर जास्त दुखेल. बहुतेक रुग्णांचा येथेच धीर सुटतो, कारण जुने दुखणे परतले असे त्यांना वाटते. पुष्कळदा हे दुखणे विथड्रॉवलचाच भाग असते आणि ओसरते, म्हणून वहीत रोज दुखण्याला दहापैकी गुण लिहा आणि फिजिओथेरपीचे व्यायाम याच महिन्यांत नेमाने करा. पाणीही पोटात ठरेनासे झाले, लघवी कमी झाली, फिट आली किंवा जीव नकोसा करणारे विचार मनात आले, तर मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा.

आणखी एक इशारा तुमच्या मिस्टरांनीही वाचावा. काही आठवडे कमी डोसवर राहिल्यानंतर शरीराची जुनी सहनशक्ती उतरलेली असते. एखाद्या असह्य रात्री जुन्या हिशेबाने सहा गोळ्या एकदम घेतल्या, तर त्या जिवावर बेतू शकतात.

तुमचे नेहमीचे डॉक्टर यात हात घालायला तयार नसतील, तर जिल्हा रुग्णालयातील किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभाग हे काम करतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येते आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांना कर्करोग असून त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या महिन्यात गोळ्या संपल्या आणि दोन दिवस मिळाल्या नाहीत. त्यांना घाम, जुलाब आणि तगमग झाली. नातेवाईक म्हणतात, हे व्यसनच आहे, आता पुन्हा देऊ नका.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कृपया गोळ्या बंद करू नका. वर ताईंना सांगितली तीच शरीराची सवय तुमच्या वडिलांनाही झाली आहे. फरक इतकाच, की त्यांचे दुखणे अजून जागे आहे आणि त्यावर त्यांना औषध मिळणे हा त्यांचा हक्क आहे. रुग्णांना मॉर्फिन मिळणे सोपे व्हावे, म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाली; तरी ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यता असलेल्या रुग्णालयातूनच आणावे लागते. त्यामुळे आठवडाभराचा साठा उरला असतानाच पुढची फेरी करा. सोबत बद्धकोष्ठाचे औषध रोज चालू ठेवा. रेडिएशननंतर दुखणे कमी झाले, तर डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतील. पुन्हा कधी काही दिवसांचा खंड पडलाच, तर जुन्या डोसने सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना फोन करा.