जुनी गाडी नव्याने बांधायचा पहिलाच प्रोजेक्ट म्हणून १९६८ ची फोर्ड मस्टँग घेऊ का? मी अमेरिकेत आहे, वेल्डिंग येत नाही.

घ्या, पण इंजिन बंद असलेली चालेल, पत्रा सडलेली नको. मी १९६७ ची स्वतः उघडून बांधली आहे, त्यावरून सांगतो. २८९ किंवा ३०२ घन इंचाच्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाचे भाग आजही नवे मिळतात आणि इंजिन घरच्या गॅरेजमध्ये उतरवता येतं. गंजाचं तसं नाही. या गाडीला वेगळी चॅसी नसते, पत्राच सगळा भार घेतो.

बघायला जाताना पाण्याची बाटली न्या. पुढच्या काचेखालच्या जाळीत पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च मारून बघा. पायाशी थेंब पडले, तर काउल, म्हणजे त्या जाळीखालचा पत्र्याचा पोकळ भाग, सडलाय. तो बदलायचा म्हणजे फेंडर काढून पत्रे जोडणारे ढीगभर स्पॉट वेल्ड (ठिपक्यांसारखे वेल्ड) ड्रिल करत बसायचं, नवख्याचा उत्साह इथेच संपतो. मग टॉर्क बॉक्स (फ्लोअरच्या कोपऱ्यांना बळकटी देणारे पत्र्याचे खोके) आणि फ्लोअर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. व्हीआयएनचं (गाडीच्या ओळख क्रमांकाचं) पाचवं अक्षर टी असेल, तर गाडी मुळात सहा सिलिंडरची. व्ही-८ च्या भावात घेऊ नका.

मात्र विकून नफा काढायचा विचार असेल, तर हे सगळं विसरा. रंगकामातच हिशेब बोंबलतो.