इंदूरहून मराठीत अ‍ॅफिलिएट साइट (वस्तूंच्या लिंक देऊन, त्यावरून झालेल्या विक्रीवर कमिशन मिळवणारी) काढली तर वाचक येतील का?

येतील, पण 'सर्वोत्तम मिक्सर'च्या वाटेला जाऊ नका. तिथे मोठ्या साइट्स ठाण मांडून बसल्यात. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत होळीआधी पुरणयंत्र शोधतात, त्यावर लिहा. जाळी बारीक की जाड, दांडा फिरवताना यंत्र सरकतं का, धुताना पुरण कुठे अडकतं, हे स्वतः वापरून, स्वतःच्या फोटोंसह. कंपनीचं वर्णन उतरवलंत तर कुणी ढुंकूनही बघणार नाही. लेख दोन-तीन महिने आधी चढवा. गूगल सर्च कन्सोल फुकट आहे. लोक काय टाइप करून आले ते त्यात दिसतं, पुढचे विषय तिथूनच. अ‍ॅमेझॉनचं अ‍ॅफिलिएट खातं मात्र घाईने उघडू नका: 180 दिवसांत 3 विक्री झाल्या नाहीत तर बंद करतात. आणि हो, लिंकवर कमिशन मिळतं हे लेखात वरच सांगा.