दोन सैनिक असलेलं छोटं रोमन तांब्याचं नाणं (17 मिमी, 2.3 ग्रॅम) कोणाचं, हे कसं ओळखायचं? आधी चिंचेने घासू का?

चिंच राहू द्या. नाण्यावर शतकानुशतकं बसलेला जो घट्ट हिरवा-तपकिरी थर आहे, उरलेली अक्षरं बऱ्याचदा त्या थरातच असतात. आंबटाने थर गेला की अक्षरं जातात आणि हातात खड्डे पडलेली गुलाबी चकती उरते.

तुम्ही 17 मिमी आणि 2.3 ग्रॅम दिलंय, त्यामुळे काम सोपं आहे. चेहऱ्यावरून सुरुवात करू नका. अशी नाणी रोमन सम्राट कॉन्स्टँटाइनच्या घराण्याची, आणि त्या घराण्यात बाप आणि मुलगे नाण्यावर जवळपास सारखेच दिसतात. आधी मागची बाजू बघा. दोन सैनिकांच्या मध्ये निशाणं (काठीवरचे लष्करी ध्वज) किती? दोन असतील तर साधारण इ.स. 330 ते 335. एकच असेल तर त्यानंतरचं, 341 पर्यंतचं. ते नाणं लहान, 15 मिमी आणि दीड ग्रॅमच्या आसपास. तुमच्या वजनावरून दोन निघावीत. कडेने ‘ग्लोरिया एक्झर्किटस’ (सैन्याचा गौरव) असं असणार.

सैनिकांच्या पायाखाली आडवी रेघ असते, तिच्याखाली टांकसाळीची, म्हणजे नाणं पाडलं त्या शहराची खूण. एस-एम-ए-एन म्हणजे अँटिऑक, एस-एम-एन म्हणजे निकोमीडिया, टी-आर म्हणजे ट्रियर, एस-आय-एस म्हणजे सिसिया. इथे फसगत हमखास होते: मधला ए झिजला की अँटिऑकचं निकोमीडिया होतं. अक्षरांमधली रिकामी जागा मोजूनच ठरवा. पूर्वेकडच्या टांकसाळींत शेवटचं अक्षर बहुधा ग्रीक असतं, तो कारखान्याचा क्रमांक.

आता पुढची बाजू. खोली अंधारी करा, टॉर्च नाण्याच्या पातळीवर आडवा धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. सरळ उजेडात न दिसणारी अक्षरं सावलीने उठतात. 10 पटींचं भिंग पुरतं. लेख (कडेचा मजकूर) डावीकडून खालून सुरू होऊन घड्याळाच्या दिशेने जातो. ‘कॉन्स्टँटि’ एवढं लागलं की पुढचं एकच अक्षर निर्णायक: एन असेल तर कॉन्स्टँटिनस, म्हणजे कॉन्स्टँटाइनचंच लॅटिन रूप, व्ही असेल तर त्याचा मुलगा कॉन्स्टँटियस (लॅटिनमध्ये यू व्हीसारखाच कोरतात). कॉन्स्टँटिनसपुढे ‘मॅक्स ऑग’ (महान सम्राट) असेल तर बाप, ‘युन नोब सी’ (धाकटा, युवराज) असेल तर त्याच नावाचा मुलगा. लेख पुसला असेल तर डोकं बघा: बापाच्या कपाळावर रत्नजडित पट्टा, युवराजांना बहुतेक पानांचा हार. जमलेलं सगळं ओसीआरई या मोफत ऑनलाइन सूचीत टाकून पडताळा.

नाणं करूर-मदुराईकडचं असेल तर थोडं सावध. तिकडे अशी रोमन नाणी सापडतात, पण सोबत त्यांच्या प्राचीन स्थानिक नकलाही, ज्यांवर अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या असतात. तिथे लेख लावत बसू नका. आणि 100 वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, कुणाला दाखवायला म्हणूनही परदेशी कुरियर करू नका.

माती काढायचीच असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, मऊ टूथब्रश आणि बांबूची काडी वापरा. महिना लागला तरी लागू द्या. फिकट हिरवी भुकटी दिसली आणि पुसल्यावर परत आली, तर तो क्लोराइडचा रोग, म्हणजे धातू पोखरणारा गंज. पावसाळ्यातल्या दमटपणात तो झपाट्याने वाढतो. असं नाणं लगेच वेगळं काढा, पूर्ण कोरडं करून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डबीत ठेवा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात मात्र कधीच नको, त्यातूनच आम्ल सुटतं.