सेफ गोळी कुठली, हे मला विचारू नकोस

अगं, तुझा रात्री पावणेदोनचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. आजी ७८ वर्षांच्या, चार दिवस झाले रात्री भिंतीवर माणसं दिसतात, दिवसा पेंगतात, मुलगा वैतागलेला, आणि तुझा प्रश्न काय तर भासांवरच्या गोळ्यांपैकी (अँटिसायकोटिक) रिस्पेरिडोन सेफ की क्वेटियापिन. खाली 'सर मला काहीच सुचत नाहीये'. सुचत नाहीये ते बरंय, ज्यांना लगेच सुचतं त्यांची मला जास्त भीती वाटते.

पण पिशवी उघडलीस का? आजींची औषधांची पिशवी टेबलावर उपडी करून एकेक स्ट्रिप हातात घेऊन वाचलीस का? तू लिहिलंयस 'इतर औषधं: बीपी, लघवी, झोप, खाज'. संपलं! लघवीचं म्हणजे ऑक्सिब्युटिनिन, झोपेचं म्हणजे अमिट्रिप्टिलिन आणि खाजेचं हायड्रॉक्सिझिन असेल तर तिन्ही अँटिकोलिनर्जिक, म्हणजे स्मरण-भान सांभाळणारं मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलिन अडवणारी, तीन डॉक्टरांनी तीन चांगल्या हेतूंनी दिलेली, आणि म्हाताऱ्या मेंदूला ती बेरीज झेपत नाही. भिंतीवरची माणसं तिथूनच आली असतील. त्यावर तू चौथी गोळी देणार, त्या गोळीने हात थरथरायला लागले की कुणीतरी ट्रायहेक्सिफेनिडिल देणार, आणि तेही अँटिकोलिनर्जिकच. (लघवी तुंबलीय का, इन्फेक्शन आहे का, सोडियम किती, हे तू बघशीलच, ते सांगत बसत नाही.) डिमेन्शियात (म्हातारपणच्या विस्मरणाच्या आजारात) अँटिसायकोटिकने मृत्यूचा धोका दीडपटीच्या वर जातो म्हणून २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने, एफडीएने, वॉर्निंग काढली, हे तुला पाठ आहे, परीक्षेत लिहिलंही असशील. मग रात्री पावणेदोनला ते कुठे जातं?

आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, किडनीने गाळायचा कचरा) १.०, पुढे कंसात 'नॉर्मल'. कुणाचं नॉर्मल? वजन तूच लिहिलंयस, ४२ किलो. १४० मधून ७८ वजा कर, ४२ ने गुण, ७२ ने भाग, क्रिएटिनिन १ आहे म्हणून तिथे काही बदलत नाही, बाई म्हणून ०.८५ ने गुण. क्लिअरन्स, म्हणजे किडनीची गाळण्याची ताकद, ३१ सुद्धा भरत नाही! अंगावर स्नायूच उरले नसतील तर क्रिएटिनिन वाढणार कुठून. मला या कंसांचा राग येतो.

राग येतो कारण मीही हेच केलंय. माझे एक पेशंट मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियमवर वर्षानुवर्षं छान होते, रक्तातली लेव्हल ०.७ च्या आसपास, नियमित तपासायचो, मला त्याचा अभिमानच होता. एकदा आले तर हात थरथरतायत, जीभ जड. नवीन काही औषध सुरू केलंय का विचारलं, नाही म्हणाले, मीही 'नाही' लिहून टाकलं. गुडघ्यासाठी रोज डायक्लोफेनॅक चालू होतं, ज्याने लिथियम रक्तात साठतं, आणि त्यांच्या हिशेबात पेनकिलर म्हणजे औषधच नव्हतं. लेव्हल २ च्या वर गेली तेव्हा मुलीने पिशवी आणली. वाचले ते, पण चालताना तोल पहिल्यासारखा कधीच आला नाही. मी विचारलं होतं की, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. बाहेर तीस पेशंट बसले होते हेही खरं. पण पिशवी मागवायला किती वेळ लागला असता, तूच सांग.

आता तू म्हणशील सरांना सगळं बंदच करायचंय. तसं नाही गं. एका गरोदर मुलीचं डिप्रेशनचं सर्ट्रालिन मी फोनवर बंद केलं होतं, जे गरोदरपणात सर्रास वापरतात आणि दुधातही फार कमी उतरतं. बाळासाठी केलं असं म्हणायचो, खरं तर घाबरलो होतो मी. काही आठवड्यांत तिने जेवण सोडलं. फिट्स आणि मूडसाठीचं व्हॅल्प्रोएट असतं तर वेगळी गोष्ट, त्यात साधारण दहातल्या एका बाळाला जन्मजात व्यंग येतं आणि वाढीत, शिकण्याबोलण्यात अडचणी ३० ते ४० टक्के मुलांत, ते मूल होऊ शकणाऱ्या वयात सुरूच करू नये. पण 'गरोदर' हा एक शब्द ऐकून मी काट मारली. काय चालू आहे, कशासाठी चालू आहे, थांबवलं तर काय होईल, पिशवी उघडायची म्हणजे हे सगळं बघायचं, नुसती नावं मोजायची नाहीत. तिथेही मी पिशवी उघडली नव्हती.

मला स्लो म्हणतात, माहितीये. माझी ओपीडीची लाईन हलत नाही म्हणून तुझ्या बॅचची पोरं हसायची तेही माहितीये. हसू देत.

आज त्या मुलाला सांग घरातलं सगळं घेऊन ये, डोळ्यांचे थेंब, मलमं, शेजाऱ्याने दिलेल्या गोळ्यासुद्धा. नावं वाचता येतील असे फोटो मला पाठव. लघवीची गोळी कधी सुरू झाली ते तारखेसकट विचार, आणि भिंतीवर पहिलं माणूस कधी दिसलं तेही. त्यानंतर क्वेटियापिनचं बोलू.