निघण्यापूर्वी काय वाचावे, असे विचारलेत म्हणून

नोकरी सोडून, पती आणि शाळकरी मुलीसह परदेशी जाऊन कॉर्पोरेट फायनान्स, म्हणजे कंपन्या पैसा कसा उभारतात आणि वापरतात ते, शिकावे का आणि निघण्यापूर्वी काय वाचावे, असे तुम्ही विचारले आहे. प्रवेशाच्या अटी आणि शुल्क विद्यापीठच सांगेल, त्यामुळे त्यात मी शिरत नाही.

सुरुवातीलाच मोदिग्लियानी आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांचे 1958 चे प्रमेय समोर येईल. कर नसतील, दिवाळखोरीचा खर्च नसेल आणि सर्वांना सारखीच माहिती असेल, तर कंपनीने पैसा कर्जातून उभारला की भागभांडवलातून, याने तिचे मूल्य बदलत नाही. असे जग कुठेच नाही म्हणून, परदेशी शिकायला गेले तेव्हा, मी ते घोकून सोडून दिले. पुढे कळले की उरलेला विषय म्हणजे त्यातील एकेक गृहीतक काढून घेणे: व्याजावर करसवलत मिळते म्हणून कर्ज हवेसे वाटते, ते वाढले की बुडण्याची भीती वाढते, आणि व्यवस्थापनाला आतले अधिक ठाऊक असल्याने नवे शेअर काढताच गुंतवणूकदार साशंक होतात.

कंपनीच्या मूल्यांकनात माझी फजिती झाली ती अंतिम मूल्यापाशी, म्हणजे अंदाजाच्या शेवटच्या वर्षानंतरच्या साऱ्या रोख प्रवाहाच्या एकत्रित मूल्यापाशी. पुढील वर्षीचा मुक्त रोख प्रवाह (खर्च आणि गुंतवणूक भागवून उरणारा पैसा) 100, वटाव दर (पुढचा पैसा आजच्या किमतीत आणण्याचा दर) 10 टक्के आणि कायमची वाढ 3 टक्के धरल्यास मूल्य, म्हणजे 100 भागिले दोन्ही दरांतला फरक, सुमारे 1,429 येते. वाढ 4 टक्के धरली की तेच 1,667 होते. स्टार्टअपबाबत तर अधिकच जपावे लागते. गुंतवणुकीच्या शेवटच्या फेरीतील भावाने सर्व शेअर गुणून जो आकडा मिरवला जातो, त्या भावाचे प्रेफरन्स शेअर बहुधा पैसे परत मिळण्याचा पहिला हक्क घेऊन आलेले असतात. कर्मचाऱ्याच्या साध्या शेअरला तो हक्क नसतो.

व्हिसासाठी निधीचा पुरावा देताना वडिलांनी पाठवलेली रक्कम खात्यात पुरेसे दिवस राहिली नव्हती, म्हणून माझा अर्ज परत आला. रोखता, म्हणजे हवा तेव्हा पैसा हाताशी असणे, काय असते, ते मी वर्गाआधी त्या खिडकीपाशी शिकले.

एकटेपणा असतो, सवय होते.

माझ्या मुलाचे मात्र अजून सलते. गणितात तो वर्गाच्या पुढे होता, तरी भाषा कच्ची म्हणून शाळेने त्याला एक इयत्ता खाली बसवले, आणि त्या आठवड्यात माझी परीक्षा असल्यामुळे मी कागदावर सही करून मोकळी झाले. निघण्यापूर्वी मी बुडणारा पगार, शुल्क आणि नंतरचे उत्पन्न मांडून एक नीटस तक्ता केला होता, आणि त्यात दोन वर्षांनी परतण्याचा पर्याय कायम आणि फुकट धरला होता. मुलगा तिथल्या भाषेत स्वप्ने पाहू लागला, तेव्हा तो पर्याय संपल्याचे मला घरात कोणी सांगितले नाही.

तुमची मुलगी कितवीत आहे, ते तुम्ही लिहिलेले नाही. ते कळवा, मग पुढचे लिहिते.