चारमाउथचे सोनेरी अमोनाइट गोव्याच्या पावसात कसे टिकवायचे

ताई, स्विंडनला भावाकडे जाताय, तिथून मुलाला फॉसिल शोधायला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या चारमाउथला न्यायचंय, हातोडी घ्यावी का आणि मिळालेलं म्हापशाला आणून टिकेल का, असं विचारलंय तुम्ही.

हातोडी राहू दे. मी दोनदा गेलो, जे मिळालं ते सगळं किनाऱ्यावर सुटंच पडलेलं. कडा मऊ काळ्या चिखलदगडाचा, कधीही ढासळतो, त्याच्या पायथ्याशी मुलाला अजिबात थांबू देऊ नका. शेजारच्या लाइम रेजिसला मेरी अ‍ॅनिंग, जिने बारा-तेरा वर्षांची असताना इक्थिओसॉरचा, म्हणजे डायनोसॉरच्या काळातल्या माशासारख्या दिसणाऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा, सांगाडा शोधला, तिचा कुत्रा १८३३ मध्ये तिच्या डोळ्यांदेखत दरडीखाली गेला.

सुकती लागली की उतरायचं, आपल्याकडे खुबे-तिसऱ्या काढायला जातात तसं, आणि भरतीच्या आधी परत. बारीक काळे खडे साचलेत तिथे उकिडवं बसून एकाच जागी बघत राहा, चालता चालता काही दिसत नाही. पितळेसारखी चमक, नखाएवढं वेटोळं, त्यावर बारीक कंगोरे, तोच अमोनाइट, कधीच नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा दगड झालेला शंख. देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामात असतो तो याच्याच कुळातला, फक्त तो गंडकीतला आणि हा साधारण १९ कोटी वर्षांपूर्वीच्या तिथल्या समुद्रातला. कॅरमच्या सोंगटीसारखा, मधे खोलगट दगड मिळाला तर इक्थिओसॉरचा मणका असू शकतो, तिथल्या हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये नक्की दाखवा.

आता टिकायचं, आणि हे मला कळवळून सांगायचंय. ती सोनेरी चमक पायराइटची, म्हणजे लोखंड आणि गंधक, दमट हवेत त्याचं आम्ल होतं आणि दगड आतून फुटतो. माझे पहिले सहा मी वरवर धुऊन काचेच्या कपाटात ठेवले. दुसऱ्या पावसाळ्यात कपाट उघडलं तर गंधकाचा वास, पिवळट-करडी भुकटी आणि खालचा कागद जळल्यासारखा झालेला. त्यातला एक माझ्या लेकीने शोधलेला, ती आठ वर्षांची होती, आजही वाईट वाटतं.

त्यामुळे गोड्या पाण्यात काही दिवस भिजत ठेवा, पाणी रोज बदला, मीठ निघू दे, मग पूर्ण सुकवून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्यांबरोबर, ठेवा आणि पावसाळ्यात जेल महिन्याला बदला. नेलपॉलिश लावून भागत नाही, ओल आत पोचतेच. दुसऱ्या खेपेचे मी असेच ठेवलेत, यंदा चौथा पावसाळा, चमक तशीच आहे.